पुलामुळे राहिला

संकटे जथ्याने येतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण ती बहुधा शनिवारी दुपारनंतर येतात, हे माझे स्वतःचे संशोधन आहे. कारण उघड आहे. त्या वेळी दंतवैद्य कुलूप लावून गेलेले असतात, विजेचे काम करणारा गावी गेलेला असतो आणि ‘सोमवारी बघू’ हा मंत्र साऱ्या जगाने एकमुखाने सुरू केलेला असतो.

१ ऑक्टोबर २०२२ हा असाच शनिवार. नवरात्राचे दिवस. आम्ही कोथरूडला राहतो. सकाळी माझी दाढ ठणकू लागली आणि दुपारपर्यंत गाल असा सुजला, की आरशातले गृहस्थ मला अनोळखी वाटले. चारच्या सुमारास इमारतीची पाण्याची मोटर जळाली. पाच वाजता पुरण शिजत टाकले आणि गॅस संपला. जोडीचे भरलेले सिलिंडर सौभाग्यवतीने गेल्याच आठवड्यात शेजारी दिले होते. (परोपकाराविषयी मी त्या वेळी काय बोललो, ते इथे लिहीत नाही.)

एरवी हे सारे हसण्यावारी नेले असते. पण रात्री नऊला माझा थोरला भाऊ यायचा होता. वडिलांच्या पेठेतल्या वाड्यावरून आमचे बिनसले, त्याला अकरा वर्षे झाली होती. तेव्हापासून जे काही बोलणे, ते वकिलांमार्फत. आता दादा ठाण्याहून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघाला होता आणि वाटेत वाड्याच्या संमतिपत्रावर माझी सही घेणार होता. ‘अर्धा तास थांबेन, जेवणार नाही,’ असा निरोप पुतण्याकरवी आला होता. तरीही घरात पुरण शिजत होते. म्हणजे शिजत नव्हते.

नऊ वाजले, दहा वाजले. दादाचा फोन बंद. चांदणी चौकातला जुना पूल नेमका त्याच रात्री पाडायचा होता आणि अकरापासून महामार्ग बंद होता. त्या चौकाची कीर्ती काय सांगावी! त्याच वर्षीच्या ऑगस्टात खुद्द मुख्यमंत्री तिथे अडकले होते. पुढे १२ ऑगस्ट २०२३ रोजी तिथे नवा उड्डाणपूल झाला, पण त्या रात्री आम्हाला त्याचा काय उपयोग?

पावणेबाराला दारात दादा. अकरा वर्षांनी तो पहिले वाक्य काय बोलेल आणि मी काय उत्तर देईन, याची मी आठवडाभर उजळणी केली होती. तो म्हणाला, “तोंडाला काय झालं रे तुझ्या?”

मला ‘दाढ’ हा शब्दही धड उच्चारता येईना. तोवर तो आत वळून विचारत होता, “लवंगेचं तेल आहे का घरात?”

गावातून वळसा घालून जाता आले असते, पण पुतण्याचे डोळे मिटत होते. पूल पडेपर्यंत थांबायचे ठरले. एक वाजता सारी इमारत गच्चीवर. सहाशे किलो स्फोटके, असे वरच्या मजल्यावरचे काका सांगत होते, जणू ती त्यांनीच तोलून दिली होती. दबका आवाज झाला, टाळ्या पडल्या. आणि मग बातमी आली, की पूल पुरता पडलेलाच नाही! काँक्रीट उडाले, पण आतल्या सळयांनी तो धरून ठेवला. उरलेले काम यंत्रांनी करायचे.

दादा मोठ्याने हसला. “आपल्या वाड्यातली मधली भिंत आठवते? तीन दिवस गवंडी घाम गाळत होता.”

आठवत होती.

पहाटे आंघोळीला पाणी नव्हते. तळटाकीचे झाकण काढून, दोरीला बादली बांधून आम्ही दोघे साठीपलीकडचे गृहस्थ पाणी उपसत बसलो. “दोर मी ओढतो, तू गाल सांभाळ,” दादा म्हणाला. सकाळी आठला खुला व्हायचा रस्ता आठला खुला झाला नाही. शेजाऱ्यांनी लाजत लाजत सिलिंडर परत आणून दिले. दादाने चार पोळ्या खाल्ल्या. मी एक, दुधात कुस्करून.

चारला तो निघाला. संध्याकाळी दिवा लावताना सौभाग्यवतीला देवघरावर कागदांची पिशवी दिसली. सहीचे कुणालाच आठवले नव्हते. मी फोन केला.

“राहू दे तिथेच,” दादा म्हणाला, “येताना बघू. दाढ दाखवलीस का?”

“दादा, आज रविवार आहे,” मी म्हणालो.