मागच्या साइटचा स्क्रू

माझ्या पिस्तुलाची मागची साइट मी जितक्या वेळा फिरवली, त्यातल्या बहुतेक वेळा ती फिरवायची गरजच नव्हती. दोष हातात होता आणि मी तो स्क्रूने दुरुस्त करत राहिलो. आमच्या जिल्ह्यातली काही पोरे आता एअर पिस्तूल हातात घेऊ लागली आहेत. त्यांचा हा वेळ वाचावा म्हणून लिहितो आहे.

१० मीटर एअर पिस्तुलात नेम धरायला दोनच साइट्स असतात: नळीच्या टोकावरची उभी पट्टी आणि मागची चौकोनी खाच. पदके मिळवणारे नेमबाज दुर्बिणीतून बघतात, असे आमच्याकडे अजूनही अनेकांना वाटते. तसे नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचे आणि २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण मिळवले, तेही उघड्या साइट्सवरच. पिस्तुलाच्या स्पर्धांत दुर्बीण चालतच नाही.

माझा सराव धानाच्या एका रिकाम्या गोदामात चालतो. टार्गेटवरचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा आणि त्यातले दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे. सुरुवातीला माझ्या गोळ्या डावीकडे खाली लागायच्या. मी लगेच मागची साइट उजवीकडे आणि वर घेतली. नियम मला पाठ होता: गोळी जिकडे न्यायची, तिकडे मागची साइट सरकवायची. नियम बरोबरच आहे. पण उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी डावीकडे खाली जात असेल, तर बहुधा तो ट्रिगर झटक्याने ओढतो आहे, हे मला ठाऊक नव्हते. झटका प्रत्येक वेळी सारखा बसत नाही. ज्या दिवशी मन शांत असे आणि बोट हळू दाबले जाई, त्या दिवशी गोळ्या उजवीकडे वर चढत. मग मी स्क्रू उलटा फिरवी. असा माझा जवळजवळ एक हंगाम गेला.

त्यात आणखी एक घोळ. स्क्रूवरच्या खुणांचा अर्थ सगळ्या पिस्तुलांवर एकच नसतो. काहींवर गोळी जिकडे लागते आहे ती दिशा कोरलेली असते, काहींवर ती जिकडे न्यायची ती. मी पुस्तिका न वाचता अंदाजाने क्लिक मोजत होतो आणि चूक दुप्पट करून ठेवत होतो.

पोलिसांतून निवृत्त झालेले एक हवालदार काका अधूनमधून गोदामात येतात. एकदा बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘बाबू, तू साइट फिरवून राह्यला, पण गोळ्या एका जागी तरी पडून राह्यल्या का?’’ पडत नव्हत्या. पसरलेल्या गोळ्यांचा मध्य कुठे आहे तेच कळत नाही, मग तो सरकवणार कुठे? काकांनी मला टार्गेट काढून कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारायला लावले. काळा गोलच नसल्यामुळे नजर पुढच्या पट्टीवर राहिली, आणि ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, आवळला.

त्यामागचे गणित मी नंतर कागदावर मांडले. दोन्ही साइट्समधले अंतर साधारण ३२ सेंटिमीटर. पट्टी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर जरी बाजूला गेली, तरी १० मीटरवर गोळी ३० मिलिमीटरच्या आसपास सरकते, म्हणजे दहाच्या मध्यावरून थेट काळ्याच्या कडेला. साइट्स एका रेषेत असतील आणि अख्खा हातच एक मिलिमीटर हलला, तर गोळीही एकच मिलिमीटर हलते आणि दहातच राहते. मी आयुष्यभर काळा गोल स्वच्छ दिसावा म्हणून डोळे ताणत होतो. खरे तर तो धूसर दिसला तरी चालतो. पट्टी रेखीव दिसली पाहिजे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या फटी सारख्या.

सर्वांत जास्त मनाला लागलेली चूक मात्र उजेडाची. गोदामाचा दरवाजा माझ्या डावीकडे. सकाळचे ऊन तिथून पट्टीच्या डाव्या कडेवर पडे, ती कड चमके आणि माझा डोळा ती चमकच मध्यावर धरी. त्यामुळे पट्टी प्रत्यक्षात उजवीकडे राही, गोळ्याही उजवीकडे जात. ग्रुप आता घट्ट येत होता, म्हणून मी निर्धास्तपणे साइट डावीकडे घेतली आणि तशीच नागपूरच्या स्पर्धेला नेली. तिथे दिवे वरून, सगळीकडे सारखे. पहिल्याच गोळ्या डावीकडे. सामना सुरू होण्याआधी साइट जुळवण्यासाठी वेळ मिळतो आणि त्यात हव्या तितक्या गोळ्या मारता येतात. त्यासाठीच तो असतो. मी घाबरलो, प्रत्येक गोळीनंतर स्क्रूला हात लावला आणि मोजणीच्या ६० गोळ्या सुरू झाल्या तेव्हा साइट नेमकी कुठे आहे हे मला सांगता आले नसते. ती स्पर्धा पिस्तुलाने नाही, मी घालवली.

परत आल्यावर दरवाजाला तागाचे पोते लावले. दिव्याची काजळी पट्टीवर धरली. काळी पट्टी चमकत नाही. आता पाच गोळ्या मारल्याशिवाय स्क्रूला हात लावत नाही. त्यांतली एखादी आपल्याच झटक्याने गेली असे वाटले, तर ती हिशेबात धरत नाही. किती क्लिक, कोणत्या बाजूला, उजेड कसा, हे वहीत जाते. चष्मा करून घेताना डॉक्टरांना डोळ्यापासून पट्टीपर्यंतचे अंतर मोजून दिले, कारण चाळिशीनंतर तेवढ्या अंतरावरचे मला फिकट दिसू लागले होते. त्याचा उपयोग कोणत्याही स्क्रूपेक्षा जास्त झाला.

शेवटच्या वीसेक गोळ्यांत हात थकतो आणि ग्रुप खाली उतरतो, तेव्हा साइट वर घ्यायचा मोह अजून होतो. मी पिस्तूल टेबलावर ठेवतो, खांदा सैल सोडतो आणि पुन्हा उचलतो. सध्या पुढची पट्टी थोडी अरुंद लावून बघतो आहे, म्हणजे खाचेत दोन्ही बाजूंना उजेड जास्त मिळतो. गोदामात बरी चालते आहे. नागपूरच्या दिव्यांखाली कशी चालते ते तिथे गेल्यावरच कळेल.