दगडाची भेट : सिन्नर ते राहुरी

लग्नकार्यात किंवा साठी-एकसष्टीला कुणाला काय द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा अडत नाही. टॉवेल-टोपी, साडी-चोळी, स्टीलचे भांडे, नाहीतर पाकीट. पण ज्याला रत्ने, खडे, स्फटिक जमवण्याचा नाद आहे त्याला काय द्यावे? आमच्या थोरल्या साडूंची साठी जवळ आली तेव्हा हा पेच माझ्यापुढे आला. ते हायस्कूलात विज्ञान शिकवीत. चाळीस वर्षे दगड गोळा करीत आहेत. घरात कपडे ठेवायला जागा नाही, पण दगडांना कपाटे आहेत. म्हणून दोन दिवसांची रजा टाकली आणि नाशिकहून सिन्नरमार्गे राहुरीकडे निघालो. त्या वाटेवर जे पाहिले ते तुमच्या बांधावरचे आहे, म्हणून हे लिहितो.

आधी एक फरक ध्यानात घ्या. ग्रहाचा खडा म्हणून अंगठीत घालणारा वेगळा आणि जमवणारा वेगळा. पहिल्याला पैलू पाडलेले माणिक, पाचू, नीलम हवे असतात. ते आपल्या काळ्या पाषाणात सापडत नाहीत, आणि त्यात फसवणूकही फार. जमवणाऱ्याला मात्र दगड जमिनीतून जसा निघाला तसा हवा असतो. त्याचा आकार निसर्गाने घडवलेला असावा, माणसाने नव्हे.

असे दगड आपल्या महाराष्ट्राइतके सुंदर जगात थोड्याच ठिकाणी मिळतात. याचे कारण आपल्या पायाखाली आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस बाहेर आला आणि थरावर थर पसरला. घावनाला जाळी पडते तशी त्या रसात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या पडल्या. पुढे त्या पोकळ्यांत गरम, खनिजे विरघळलेले पाणी शिरले. साखरेच्या पाकात दोरा सोडला की त्याला खडीसाखर धरते, तसे त्या पोकळ्यांच्या भिंतींना स्फटिक धरले. आपली कापसाची काळी जमीन याच खडकाची झीज होऊन बनली आहे. म्हणजे वर पीक आणि खाली स्फटिक, दोन्ही एकाच घरची लेकरे.

बोरघाटातून रेल्वे नेताना खडक फोडला, तेव्हा तिथले स्फटिक विलायतेच्या संग्रहालयांत गेले. तो घाटरस्ता 1863 साली सुरू झाला. पुढे खाणींनी, रस्त्यांनी आणि सर्वांत जास्त आपल्या विहिरींनी ही कोठारे उघडली.

सिन्नरला पहिला मुक्काम

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ नावाचे दगडांचे संग्रहालय आहे. ते 2001 साली सुरू झाले. भेट विकत घ्यायची असो वा नसो, आधी इथे जाऊन डोळा तयार करावा. बैलबाजारात खरेदीआधी चार चकरा मारतो, तसेच हे.

इथे कपाटापुढे उभे राहिलात तर नावे अवघड वाटतील, पण रूपे ओळखीची दिसतील. स्टिल्बाइट पाहा. मध्ये आवळून बांधलेली गव्हाची पेंढी जशी दोन्ही टोकांना उलगडते, तसा त्याचा आकार. रंग पिकल्या पेरूच्या गरासारखा फिका गुलाबी किंवा पांढरा. स्कोलेसाइट म्हणजे एका बिंदूतून फुटलेली पांढरी कुसळे. ओकेनाइट म्हणजे उमललेले कापसाचे बोंडच. त्याला हात लावू नये, तंतू दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. अ‍ॅपोफिलाइट काचेसारखा स्वच्छ, चौकोनी, कधी हिरवा. कॅव्हन्साइट गर्द निळा. तो प्रथम अमेरिकेत सापडला, पण जगातले उत्तम नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले.

यांतल्या पुष्कळ दगडांना झिओलाइट म्हणतात. स्वीडनच्या क्रोनस्टेड या शास्त्रज्ञाने 1756 साली हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘उकळणारा दगड’. तापवला की पोटात धरलेले पाणी सोडतो, म्हणून हे नाव. खतातला अमोनिया धरून ठेवण्याचा गुणही यांच्यात असतो, म्हणून काही देशांत शेतजमिनीतही यांचा वापर होतो.

पुढे रस्त्याकडेच्या एका दुकानात भडक निळ्या, गुलाबी गारगोट्या मांडलेल्या होत्या. सगळ्यांचा रंग एकसारखा आणि भेगांमध्ये जास्त साचलेला. असे दिसले की रंग दिलेला माल समजावा. काही ठिकाणी निखळलेला स्फटिक डिंकाने दुसऱ्या दगडावर बसवलेला असतो. सांध्याकडे उजेडात निरखून पाहावे. जमवणारा माणूस असा दगड ठेवून घेतो, पण तुमच्यासमोरच. मागाहून तो कपाटात जात नाही.

राहुरीची विहीर

संगमनेरवरून प्रवरेच्या काठाने लोणी, कोल्हार करीत राहुरी गाठली. कृषी विद्यापीठामुळे राहुरी म्हणजे आम्हा शेतकी खात्यातल्या माणसांचे माहेर. पण दगड जमवणाऱ्यांना राहुरीचे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. जवळच्या मोमीन आखाडा येथे विहीर खोदताना हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक निघाले. परदेशातले संग्राहकही ते गाव नावाने ओळखतात.

मी गेलो तो त्याच भागातल्या दुसऱ्या एका गावी. ओळखीच्या शेतकऱ्याची विहीर साठ फुटांवर गेली होती. यारी उभी होती, काम थांबलेले होते. पाणी लागले नव्हते आणि सुरुंगाचे, मजुरीचे पैसे अंगावर होते. काठावर डबराचा ढीग, आणि त्यात उन्हाने लखलखणारे तुकडे. मुलांनी पुष्कळसे हातोडीने फोडले होते. एका व्यापाऱ्याने उरलेले गोणीच्या भावाने मागितले होते.

ढिगात एक नग शाबूत होता. काळ्या पाषाणाची तांब्याएवढी वाटी, तिच्यात स्टिल्बाइटच्या तीन पेंढ्या आणि मध्ये पाण्यासारखे अ‍ॅपोफिलाइट.

“साहेब, याचं मोल काय?” शेतकऱ्याने विचारले.

“दादा, फुटला तर डबर. शाबूत असला तर नग,” मी म्हणालो. वाटेतल्या दुकानात अशाच नगाला काय मागत होते तो आकडा मी त्यांना सांगितला. दुकानदाराचे भाडे आणि नफा वजा धरून जे राहते ते त्यांच्या हातात ठेवले. बाकीचे नग गोणीत न भरता वेगवेगळे गुंडाळा, आणि विकण्याआधी तहसील कचेरीत विचारा, असेही सांगितले. कारण जमिनीतल्या खनिजावर साधारणपणे सरकारचा हक्क असतो, जमीन आपली असली तरी.

दगडांनी विहिरीचे कर्ज फिटते, असे मी सांगणार नाही. फिटत नाही. पण घामाची वस्तू मातीमोल जाऊ नये एवढे तरी व्हावे. भेट देणाऱ्यानेही हे जाणावे की, आपण हातात घेतो त्या सुंदर दगडामागे कुणाची तरी कोरडी विहीर असू शकते. अशा ठिकाणी घासाघीस करू नये.

भेट कशी द्यावी

दगड धुवायचा तर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. संडास धुण्याचे अ‍ॅसिड लावू नये. हे स्फटिक त्याने मरतात. खालचा काळा दगड फोडून काढू नये. स्फटिक कुठे वाढला याचा तो पुरावा. अ‍ॅपोफिलाइट थरांत सुटतो, स्टिल्बाइट मऊ असतो, म्हणून जुन्या मऊ कापडात गुंडाळून खोक्यात भुसा घालून न्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, सोबत चिठ्ठी द्या. गाव, तालुका, जिल्हा, कुणाची विहीर, किती फुटांवर, कोणत्या थरात, कोणत्या तारखेला. काळा कठीण पाषाण होता की फोडाफोडाचा मांजऱ्या, हेही लिहा. चिठ्ठीवाचून दगड म्हणजे सातबाऱ्यावाचून जमीन. साडूंनी खोके उघडले तेव्हा आधी चिठ्ठी वाचली, मग दगड पाहिला.

जवळ पैसा कमी असेल तरी हरकत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, कापूस घातलेल्या छोट्या डब्या, नोंदीसाठी जाड वही, यांतले काहीही जमवणाऱ्याला आवडते. घरातल्या शाळकरी मुलाला हा नाद असेल तर त्याला एकदा सिन्नरला घेऊन जा. तो खर्च वाया जात नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. लेणी आणि किल्ल्यांच्या परिसरातला दगड उचलू नका. आणि दगडाच्या लोभाने पडक्या खाणीत किंवा नुकत्याच सुरुंग उडालेल्या विहिरीत उतरू नका. न उडालेली दारू खडकात राहिलेली असते. यारीवाल्याने सांगितल्याखेरीज कुणी खाली जायचे नाही.

येत्या उन्हाळ्यात तुमच्या गावात कुठे ना कुठे विहिरीचे काम निघेल. डबर रस्त्याला जाण्याआधी सकाळच्या तिरप्या उन्हात ढिगाभोवती एक फेरी मारा. चमकले तर मुलांच्या हातातली हातोडी काढून घ्या आणि त्यांच्या हाती वही-पेन्सिल द्या. एक शाबूत नग आणि त्याची चिठ्ठी गावच्या शाळेला भेट द्या. विहिरीला पाणी लागो हीच प्रार्थना. पण पाण्याआधी जे लागते तेही पाहून घ्यावे.