बंदुकीचे जन्मगाव

घरात रसायनशास्त्राची डॉक्टरेट असली की शेजारीपाजारी काहीही विचारायला येतात. आमच्या मिनेसोटातल्या शेजारच्या स्वीडिश आजींनी दिवंगत यजमानांची शिकारीची रायफल पुढे ठेवली. नातवाला नोव्हेंबरात तीच घेऊन हरणाच्या शिकारीला जायचे होते. कपाटात ८ बाय ५७ काडतुसांची पेटीही सापडली होती.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून आम्ही भिंग घेतले. नळी बसते त्या पोलादी कड्यावर मुकुट, कार्ल गुस्ताफ हे नाव आणि १९०६ साल. म्हणजे स्वीडनमधल्या एस्किल्स्टूनाच्या सरकारी कारखान्याची, माउझर पद्धतीची लष्करी घडण. तिचे मूळ काडतूस ६.५ बाय ५५. पण अशा कित्येक रायफलींना पुढे वेगळी नळी बसवून शिकारीसाठी तयार केले गेले. पासपोर्टावर जन्मगाव असते, पुढे माणसाचे काय झाले ते नसते, तसेच हे.

नळीवरचा आकडा पुसट होता. नातू पॉलिश पेपर घेऊन सज्ज! त्याला थांबवले, घासल्यावर उरलीसुरली खूणही जाते.

मग बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो. बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांचा मिश्रधातू उकळत्या पाण्याहून कमी तापमानाला वितळतो. तो काडतुसाच्या पोकळीत ओतून त्याने ठसा काढला. माप निघाले ९.३ बाय ५७!

पेटीतले काडतूस तिच्यात सहज बसले असते. गोळी मात्र नळीपेक्षा मिलिमीटरभर बारीक, आणि काडतूस फुटून गरम वायू तोंडाकडे येण्याचा धोका. आजींनी पेटी तिथेच देऊन टाकली.

तेव्हा कोणाकडे अशी जुनी रायफल आली, तर पेटीवरच्या आकड्यावर विसंबू नका. आधी नळीचे माप घ्या.