आधी आत घ्या

मे २०२० मध्ये कोविडमुळे मुंबईचे चाकरमानी गावी परतत होते, तेव्हा नाटे गावात आशा सेविका म्हणून फिरताना माझं पहिलं लक्ष गरोदर बायकांकडे असायचं. आल्यावर चौदा दिवस घरातच राहायचं, आणि त्यातच कुणाला नववा लागलेला.

अशाच एकीला रात्री कळा सुरू झाल्या. १०८ची रुग्णवाहिका बोलावली, तिच्या सासूबाई आणि मी सोबत बसलो. नाव घातलं होतं त्या दवाखान्याच्या दारातच विचारलं, "स्वॅबचा रिपोर्ट?" ताप नाही, खोकला नाही, तिचा स्वॅब घेणार कोण? आणि घेतला असता तरी तेव्हा आमच्याकडचे नमुने मिरजेला जात. आम्हाला पुढे पाठवलं. "ताई, गाडीतच होईल गो माझं," ती सारखी म्हणत होती. सासूबाई नुसत्या देवाचं नाव घेत होत्या.

पुढच्या रुग्णालयात किट घातलेल्या सिस्टरने तिला आधी आत घेतलं, वेगळ्या खोलीत ठेवलं, स्वॅब नंतर घेतला. पहाटे मुलगी झाली. रिपोर्ट मागाहून आला, निगेटिव्ह.

नियमही हेच सांगत होता. बाधित भागातल्या, पाच दिवसांत बाळंत होणाऱ्या बाईची लक्षणं नसली तरी तपासणी करा, असं आयसीएमआरने एप्रिलमध्ये सांगितलं. तपासणीवाचून बाळंतपण अडवू नका, हे मे महिन्यात. मुंबईच्या नायर रुग्णालयात तर त्या वर्षी शेकडो कोविडबाधित बायकाही बाळंत झाल्या.

तपासणी हवीच, पण कळांच्या आधी, आणि फक्त कोविडची नाही. एचआयव्ही, गरमी, पांढरी कावीळ यांसाठी रक्त पहिल्या तिमाहीतच द्यावं. एचआयव्ही कळला तर आईच्या गोळ्यांनी बाळ वाचतं, गरमीला पेनिसिलिन आहे, काविळीची लस बाळाला चोवीस तासांत टोचायची असते. बायका घाबरतात ते गावात नाव होईल म्हणून. पण एचआयव्हीची माहिती फोडायला आणि त्यावरून उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, हे मी प्रत्येकीला सांगते.

मुंबईहून बाळंतपणाला येणाऱ्या लेकी-सुनांनो, तिथले रक्ताचे रिपोर्ट आणि कार्ड सोबत आणा. नसतील तर आल्या आल्या आशाला सांगा, कळांची वाट पाहू नका.