कात्रणांची फाइल

जनसंपर्क एजन्सीत शिकाऊ म्हणून गेलेल्या मुलांच्या वाट्याला पहिलं काम यायचं ते कात्रणांचं. माझ्याही आलं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होते आणि १९९८च्या उन्हाळ्यात मुंबईत फोर्टमधल्या एका एजन्सीनं मला सुट्टीपुरतं घेतलं होतं. सकाळी पोचावं तर मराठी, इंग्रजी, गुजराती पेपरांचा गठ्ठा टेबलावर तयार. ग्राहक कंपन्यांची नावं शोधायची, बातमीच्या कडेला स्टीलची पट्टी धरून ब्लेड फिरवायचं आणि कात्रण कोऱ्या कागदावर चिकटवायचं. डिंक जास्त झाला की सुरकुत्या पडत, म्हणून फक्त चार कोपऱ्यांना बोट लावायचं. वर पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती, पान. मग उंची मोजून तिला कॉलमच्या संख्येनं गुणायचं आणि तेवढ्या जागेत जाहिरात दिली असती तर किती पैसे पडले असते, तो आकडा खाली लिहायचा. महिनाअखेर त्या आकड्यांची बेरीज ग्राहकाकडे जायची.

बरोबरच्या मुलांना हे काम नकोसं वाटे. त्यांना पत्रकार परिषदांना जायचं असे. मला मात्र त्या कागदांनी धरून ठेवलं, कारण आमच्याकडून गेलेली मूळ प्रेस नोट शेजारच्याच फाइलमध्ये असायची. दोन्ही समोरासमोर ठेवून, नोटेतलं जे छापून आलं त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायची सवय मला तिथेच लागली. एका नेत्रतपासणी शिबिराची नोट अजून आठवते. दोन पानं मजकूर: आधी कंपनीची वाटचाल, मग अध्यक्षांचे उद्गार, ठिकाण आणि वेळ अगदी शेवटी. छापून आल्या चार ओळी. गाव, शाळेचं नाव, वार, वेळ, आणि चष्मे मोफत मिळतील एवढंच. उपसंपादकानं शेपूट उचलून डोक्यावर आणलं होतं. वाचकाच्या कामाचं त्यानं आमच्या नोटेतून खणून काढलं होतं, आणि खरं तर ती वेळ त्याच्यावर यायलाच नको होती.

तेव्हा नोटा फॅक्सनं जात, काही पेपरांना हातोहात. पोचवायचं काम मी मागून घेतलं. दुपारी तीन-चारला गेलं तर डेस्कवरची माणसं दोन शब्द बोलत; संध्याकाळी पानं लागायला लागली की कुणी मान वर करत नसे. नोटेत तुम्हाला काय हवं असतं, असं एका ज्येष्ठ उपसंपादकांना विचारलं. ते म्हणाले, "रात्री साडेआठला जो फोन उचलेल, त्याचा नंबर लिहीत जा. बाकीचं मी बघतो."

पुढे मी एका रुग्णालयात जनसंपर्क अधिकारी झाले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरलं आणि पाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येऊ लागले. आमची नोट सहा ओळींची होती: पुराच्या पाण्यातून चालला असाल आणि ताप आला तर अंगावर काढू नका, ओपीडी कुठे, किती वाजता, आणि माझा नंबर. बहुतेक ठिकाणी ती जशीच्या तशी लागली. दोन दिवसांनी ओपीडीच्या रांगेत एका माणसाच्या खिशातून ते कात्रण निघालं, घडी घातलेलं, घामानं मऊ पडलेलं. त्याचं मोल कॉलम सेंटिमीटरात मांडताच येत नाही. बार्सिलोनात २०१० साली जनसंपर्काच्या मोजमापाची तत्त्वं ठरली. जाहिरातीच्या दराशी केलेली तुलना म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे, असं त्यांत स्वच्छ लिहिलं होतं. वाचून मला मनापासून आनंद झाला. तो आकडा अजूनही अहवालांत भेटतो आणि दर वेळी मी त्यावर वाद घालते.

आता माझ्याकडे इंटर्न येतात. कात्रणं सकाळीच पीडीएफमध्ये मेलवर पडलेली असतात, ब्लेड-डिंक गेला. तरी नोट आणि बातमी शेजारी ठेवून रेघा मारायला मी सगळ्यांना लावते. आपण लिहिलेलं पुढे कुठे गेलं, त्याचं काय झालं, हे विचारत राहा, असंही सांगते. नुसत्या झेरॉक्स काढायला लावणाऱ्या ठिकाणीसुद्धा एखाद्या बैठकीत मागे बसू द्या म्हणून मागता येतं. आणि मागितल्याशिवाय, माझा अनुभव असा की, कुणी आपणहून देत नाही.

यंदा आलेल्या एका मुलीनं मागितली ती चौकशीची खिडकी. स्तनपान सप्ताहाच्या शिबिराची नोट लिहायची होती, तर ती आधी सकाळभर तिथे जाऊन बसली. बाळंतिणी आणि त्यांच्या सासवा पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या: कुठल्या फाटकातून आत यायचं? आमच्या रुग्णालयाला तीन फाटकं आहेत. तिनं नोटेच्या पहिल्या ओळीत फाटक घातलं, तिथून लिफ्ट किती जवळ आहे तेही घातलं आणि खाली, माझी परवानगी घेऊन, स्वतःचा नंबर. बातमीदाराचा फोन आला तेव्हा ती घरी जायच्या लोकलमध्ये होती. गाडीच्या आवाजात धड ऐकू येईना, म्हणून पुढच्या स्टेशनला ती उतरली आणि फलाटावर उभं राहून शिबिराच्या वेळा, डॉक्टरांची नावं, सगळं शांतपणे सांगितलं.