रुमालाची येरझार

माझे वडील तालुक्याच्या मामलेदार कचेरीत दप्तरखान्याचे कारकून होते. जमाबंदीचे, वतनांचे, फेरफारांचे सारे जुने कागद तेथे जाड सुती कापडाच्या चौकोनी रुमालांत बांधून फडताळांत रचलेले असत. रुमाल पसरावा, गठ्ठा त्यावर तिरका ठेवावा, समोरासमोरची दोन टोके गठ्ठ्यावर दुमडून घ्यावीत आणि उरलेल्या दोन टोकांची गाठ मारावी, एवढीच ती विद्या. परंतु पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद अशाच हजारो रुमालांतून पिढ्यान् पिढ्या टिकले, आणि रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, ही गोष्ट वडील मोठ्या अभिमानाने सांगत. सरकारी दौलत ज्या कापडाच्या हवाली करता येते, त्यात बारशाची कुंची बांधायला कोणती हरकत, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यामुळे आमच्या घरून जाणारी प्रत्येक भेटवस्तू त्याच रीतीने बांधली जाई. आईचे नऊवारी लुगडे विरले, की त्याचा धड राहिलेला भाग ती कात्रीने चौकोनी कापी, कडा दुमडून बारीक टीप घाली, आणि मुंजीतल्या बटूसाठी पळीपंचपात्र असो वा शेजारच्या मुलीच्या लग्नातला आहेर असो, तो त्या मऊ कापडात बांधून देई. फार विरलेला भाग गोधडीत जाई. बांधणीसाठी मात्र काठालगतचा, अंगाने घट्ट असा तुकडाच ती निवडी. वडिलांची गाठ कचेरीतली, म्हणजे निरगाठ. आईचा आग्रह सुरगाठीचा, कारण ज्याला द्यावयाचे त्याला ती एका हिसक्यात सोडवता आली पाहिजे. या मुद्द्यावर मी आजही आईच्या पक्षाचा आहे.

पुढे संसार मांडल्यावर माझ्या पत्नीने या व्यवस्थेत खणाची भर घातली. गुळेदगुडच्या मागांवर विणलेला, काठ उठावदार असलेला खण ओटीत नारळासोबत येतो; त्याची चोळी शिवली जातेच असे नाही, आणि पेटीच्या तळाशी अशा खणांची चळत साठत जाते. तिने त्यांत पुस्तके बांधावयास आरंभ केला. वेष्टन स्वतःच देण्याजोगे असले, तर त्याला वेष्टन तरी का म्हणावे? खणात बांधलेली लहानशी पोथीदेखील हातात येताच मनुष्य क्षणभर थांबतो आणि कापडावरून बोट फिरवितो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

परंतु या साऱ्या प्रकरणातला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो काटकसरीचा नाहीच. तो परतीचा आहे. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालावी, हा आपल्याकडचा संकेत रुमालालाही आपोआप लागू होई. फराळ घेऊन गेलेला रुमाल धुऊन, घडी घालून, परसातल्या लिंबांसह परत येई, आणि ज्या निमित्ताने तो गेला ते निमित्त संपले, तरी दोन घरांमधला व्यवहार चालू राही. दुकानातल्या चकचकीत कागदाने ही येरझार खंडित केली. कागदावर प्लास्टिकचा किंवा धातूच्या वर्खाचा थर चिकटवलेला असतो. लगदा करताना तो कागदापासून सहजी सुटत नाही म्हणून रद्दीवाला त्याला हात लावीत नाही, आणि मातीत टाकला तर तो कुजतही नाही. वाढदिवसाच्या संध्याकाळी पाच मिनिटांत फाडून फेकलेल्या त्या ढिगाकडे पाहून मला खरोखर क्लेश होतात. त्यात पैसा तर जातोच, पण देणाऱ्याच्या हातांचे काही उरत नाही याचे दुःख अधिक.

जपानी लोकांनी ही विद्या आपल्याहून जाणतेपणाने जपली. तेथे अशा बांधणीच्या कापडाला फुरोशिकी म्हणतात, आणि २००६ साली त्या देशाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी टाकाऊ प्लास्टिकच्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याची फुरोशिकी मुद्दाम तयार करवून घेऊन तिचा पुरस्कार केला. एखाद्या सरकारच्या मंत्र्याने गाठोडे बांधण्याचा प्रचार करावा, याचे मला मनापासून कौतुक वाटले. त्यांच्या पद्धतीतला एक अंदाज मी उचलला आहे: वस्तूची लांबी कापडाच्या कर्णाच्या सुमारे एकतृतीयांश असावी, म्हणजे टोके गाठीला पुरतात आणि लोंबतही नाहीत.

हल्ली नात माझ्याकडून ही बांधणी शिकते. तिच्या मैत्रिणींकडे रुमाल जातात, त्यांतले काही परत येतात, काही येत नाहीत. न आलेल्यांबद्दल माझी तक्रार नाही, कारण एक रुमाल तिसऱ्याच घरी, कोणाच्या तरी डोहाळजेवणाच्या पंगतीत लाडवांवर बांधलेला तिने ओळखला. नव्याने बांधू पाहणाऱ्यांना मी इतकेच सांगतो, की कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून पाहावे. रंग जाणारे असेल तर ते खाद्यपदार्थांवर आणि पुस्तकांवर मुळीच वापरू नये, आणि टीप न घातलेल्या कडेचे दोरे दुसऱ्याच धुण्यात सुटतात.