नवं की जुनं?

पुतण्याच्या जुन्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड हवंय. विरारहून लोकलने ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोडची दुकानं गाठता येतील. पण आमचं नंदाखाल सोडण्याआधी कोणतं कार्ड ते ठरवलेलं बरं. जीटीएक्स १६५० आलं २०१९ मध्ये, आरएक्स ६४०० आलं २०२२ मध्ये. मेमरी दोन्हींत ४ जीबीच. "काका, नवंच घेऊ!" पेटी उघडली, तर मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा. ६४०० चारच लेन वापरतं, ३.० वर त्या वाटेचा वेग निम्मा, आणि मेमरी भरली की गेम अडखळतो. खेळ रेकॉर्ड करायला हार्डवेअर एन्कोडरही त्यात नाही. १६५० ला लेन सोळा, एन्कोडरही आहे. वीज मात्र ७५ वॅट खातं; ६४०० चं ५३ वर भागतं. बिल पुतण्या थोडाच भरतोय! तरी १६५० च घेऊ. सेकंड-हँड मिळालं, तर दुकानातच गेम चालवून बघायचा.